रविवारनंतरचे सहा दिवस

किहीम म्हटलं की सुरूची झाडं आठवतात, नाहीतर १९३० साली इथे सुगरणीच्या घरट्यांवर नजर ठेवून बसलेले सलीम अली. ख्रिस्ती धर्माचा विषय इथे सहसा निघत नाही. पण याच किनाऱ्याने अलिबाग मागे टाकत रेवदंड्याला गेलं आणि कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई लागतं. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हा मुलूख मराठ्यांच्या हवाली केला. सत्ता गेली, ख्रिस्ती कुटुंबं राहिली. शेती-मासेमारी करत त्यांनी माउंट कार्मेलच्या मातेचं चर्च जपलं आणि पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोलीही. शाळा नाही, छापील पुस्तक नाही. ती घरात बोलूनच टिकली. राजाश्रय सुटल्यावर श्रद्धेचं काय होतं, हे पाहायला कोर्लईइतकं चांगलं गाव नाही.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती आचरणाचा आढावा घ्यायचा तर मात्र किनारा सोडून केडगावला जावं लागतं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या आणि त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे प्रार्थना होती, तसा छापखाना होता, विणकाम होतं, शेती होती, अंध मुलींसाठी ब्रेल होतं. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं आणि ते छापण्याचं काम आश्रमातल्या मुलींनी केलं. त्यांच्या धर्मांतरावर पुण्यात शाई पुष्कळ सांडली. त्या मुलींच्या हातांना आलेल्या कामाबद्दल त्या मानाने फारच थोडं लिहिलं गेलं.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट वेगळी, आणि मला ती जास्त खरी वाटते. त्यांचे पती ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांत नवऱ्यावरचा राग, ताटातूट आणि सोवळं-ओवळं यांच्याशी झालेली झटापट ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हसत-रडत येते. श्रद्धा आधी स्वयंपाकघरात कसाला लागते, हे एवढ्या मोकळेपणी दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

श्रद्धा कामात उतरल्याची पुढची उदाहरणं भराभर सांगतो. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी नगरच्या कोरडवाहू गावांत पाणलोटाची कामं केली. श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावानेच पाळायची, ही त्यांतली अट. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवलं आणि हरित वसईसाठी टँकर-बिल्डरांशी वैर पत्करलं. अशा माणसाला २०२० च्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा त्याच्या धर्मावरून ओरड झाली, हे आपल्याला शोभलं नाही.

खटकणारी बाजूही सांगायलाच हवी. मिशनकडे आलेल्यांत महार-मांग समाजातली माणसं मोठ्या संख्येने होती, आणि बाप्तिस्म्याने जात पुसली गेली नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. या आदेशात आपल्यालाही घ्यावं ही त्यांची मागणी न्याय्यच आहे. पण ती सरकारदरबारी मांडणाऱ्या चर्चने आपल्या पंचकमिटीत आणि सोयरिकींतही जात आधी मोडून दाखवावी.