नेम का चुकला?

आधी एक छोटासा प्रयोग करू या. भिंतीवरच्या घड्याळापासून चार-पाच पावलं लांब उभे राहा. दोन्ही हात समोर ताठ करा आणि तळव्यांमध्ये एक छोटीशी खिडकी करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून घड्याळ बघा. आता हात न हलवता डावा डोळा मिटा. घड्याळ अजून दिसतंय? मग तुमचा उजवा डोळा मुख्य. घड्याळ गायब झालं? मग डावा!

हात जसा उजवा-डावा असतो, तसाच डोळाही असतो बरं का! पुष्कळांचा हात उजवा आणि डोळाही उजवा असतो. पण काहींची जोडी उलटसुलट असते. एरवी त्यानं काहीच बिघडत नाही. नेम धरायची वेळ आली, की मात्र पंचाईत होते.

कॉलेजात मी एनसीसीत होते. पॉइंट टू टू रायफल, जमिनीवर पालथं पडून पाच गोळ्या. माझा डावा डोळा मिटता मिटायचा नाही आणि गोळ्या जायच्या भलतीकडेच. उस्ताद ओरडायचे, “लक्ष कुठंय तुझं?” अहो, लक्ष सगळं तिथंच होतं! पण नेम का चुकतोय, हे कुणी बघितलंच नाही. डोळ्याची ही गंमत मला पुष्कळ वर्षांनी एका नेमबाज मैत्रिणीकडून कळली.

आता तुम्हीच सांगा, चांगला शिक्षक कोण? ज्याला स्वतःला सगळं झटकन जमलं तो, की ज्याला अडखळणं म्हणजे काय ते ठाऊक आहे तो?

दीपाली देशपांडे या मुंबईच्या रायफल नेमबाज. संजय चक्रवर्ती सरांच्या हाताखाली अंजली भागवत, सुमा शिरूर यांच्याबरोबर त्या घडल्या. तेव्हा चांगल्या रायफली आणि गोळ्या परदेशातून मागवाव्या लागत. त्या महाग आणि मिळायलाही अवघड. २००४ साली त्या अथेन्स ऑलिंपिकला गेल्या, पण अंतिम फेरी काही गाठता आली नाही. इतक्या वर्षांची मेहनत आणि पदक नाही! एखाद्यानं रायफल कपाटात ठेवून दिली असती. दीपालीताई मात्र प्रशिक्षक झाल्या. जे आपल्याला अवघड गेलं, ते पुढच्या मुलांना समजावून सांगू लागल्या.

त्यांचा एक विद्यार्थी तुम्हाला नक्कीच माहीत असेल. स्वप्निल कुसाळे! कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे त्याचं गाव, वडील शिक्षक. नेमबाजीचे सुरुवातीचे धडे त्यानं आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत गिरवले. त्याचा प्रकार पन्नास मीटर रायफल, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून गोळ्या झाडायच्या. पन्नास मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ केवढं असतं, सांगू? शर्टाच्या बटणाएवढं!

२०२२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत स्वप्निल चौथा आला. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत तो आघाडीवर होता, आणि एकच गोळी ७.६ वर गेली. पुन्हा चौथा! पदक दोनदा हातातोंडाशी येऊन निसटलं. अशा वेळी विद्यार्थ्याला ‘तुझं लक्षच नव्हतं’ म्हणणारा शिक्षक काय कामाचा? इथं हवा तो मोठ्या मैदानावरून रिकाम्या हातानं परतण्याचं दुःख जाणणारा. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निलनं ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. या प्रकारातलं भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत एकाच समारंभात स्वप्निलला अर्जुन पुरस्कार आणि दीपालीताईंना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. गुरू आणि शिष्य एकाच दिवशी!

नेम चुकण्याची कारणं फक्त डोळ्यात नसतात, मनातही असतात. हे ओळखलं ते नाशिकच्या भीष्मराज बाम सरांनी. पोलीस खात्यातले हे मोठे अधिकारी पुढे खेळाडूंच्या मनाचे शिक्षक झाले. योगाच्या मदतीनं मन एकाग्र कसं करावं, हे त्यांनी कितीतरी नेमबाजांना शिकवलं. २०१७ साली ते गेले. त्यांचं ‘मार्ग यशाचा’ हे पुस्तक मात्र आजही वाचता येतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. बंदूक हे खेळणं नाही. ती रेंजवर, प्रशिक्षकांसमोरच हातात घ्यायची. तिचं तोंड नेहमी लक्ष्याकडे आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. कुठलाही चांगला प्रशिक्षक हा धडा सगळ्यांत आधी देतो.

आता तुमच्या वर्गात या. भागाकार चुकतो, जोडाक्षर अडतं, सूर लागत नाही. तेव्हा ‘मला जमतच नाही’ म्हणून वही मिटू नका. ‘नक्की कुठं चुकतंय?’ असं स्वतःला विचारा, बाईंना विचारा, आणि सापडलेलं कारण वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आई-बाबांनीही ओरडण्याआधी हाच प्रश्न विचारावा. कारण एखाद्या दिवशी धाकटा भाऊ तिथंच अडेल, तेव्हा त्याला समजावून सांगायला घरात तुमच्याइतका चांगला शिक्षक दुसरा कुणी नसेल!