लॅपटॉपचा ताप, डोक्याला ताप!

पंखा घरघरतोय, कीबोर्ड पोळतोय आणि प्रेझेंटेशन उद्या सकाळी दहाला. दुकान गाठण्याआधी घरच्या घरी थोडी डॉक्टरकी करून बघा. अर्धी दुखणी तिथेच कळतात.

माणसाला ताप आला की आपण आधी थर्मामीटर लावतो, मग गोळी देतो. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र उलटा कारभार. गरम झाला की रिस्टार्ट मारायचा, ते जमलं नाही की कूलिंग पॅड उचलून आणायचा आणि तरीही भागलं नाही की ‘म्हातारा झाला बिचारा’ म्हणून नव्याचे ईएमआय बघायला लागायचं. थांबा जरा! तुमचा लॅपटॉप म्हातारा नसेलही. नुसताच तापलेला असेल.

कसं ते सांगतो. प्रोसेसर जी वीज खातो, तिची जवळपास सगळी उष्णता होते. ही उष्णता चिपवरच्या पेस्टच्या पातळ थरातून तांब्याच्या नळीत जाते, नळी ती बारीक पात्यांच्या जाळीपर्यंत पोचवते आणि पंखा तिला बाहेर हाकलतो. या साखळीत एक जरी कडी अडली की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. मग एक्सेलची फाइल उघडताना तुम्ही जांभया देत बसता. तापमान फारच वाढलं तर मशीन सरळ बंद पडतं. सेव्ह न केलेलं काम? गेलं!

आधी थर्मामीटर

हाताला लागणारा चटका म्हणजे माप नव्हे. ‘कोअर टेम्प’ किंवा ‘एचडब्ल्यूमॉनिटर’सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका आणि आकडे बघा. (ऑफिसचं मशीन असेल तर आधी आयटीवाल्यांना विचारा.) काही विशेष चालू नसताना ४० ते ५५ अंश सेल्सिअस म्हणजे तब्येत ठणठणीत. जड काम चालू असताना ८०-९० झालं तरी घाबरू नका. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. पण नुसते मेल वाचताना काटा नव्वदीत नाचत असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

मग निदान

पहिला संशय सॉफ्टवेअरवर घ्या. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘सीपीयू’ या रकान्यावर क्लिक केलं की सर्वांत खादाड प्रोग्रॅम वर येतो. मॅक असेल तर ‘अॅक्टिव्हिटी मॉनिटर’ हेच काम करतो. उघड्या ठेवलेल्या चाळीस टॅब, अँटिव्हायरसचं स्कॅनिंग, मीटिंगमध्ये पाठीमागचा पसारा लपवणारा ब्लर... चोर बहुधा यांतलाच निघतो. ऑफिसने टाकलेलं सिक्युरिटी सॉफ्टवेअर वर दिसलं तर ते उडवू नका, आयटीकडे तिकीट टाका.

सॉफ्टवेअर निर्दोष सुटलं, तर हवा बाहेर पडते त्या फटीशी हात धरा.

पंखा जोरात ओरडतोय, पण हवा जेमतेम येतेय? म्हणजे धूळ. जाळीवर तिची चक्क गोधडी तयार होते. आपल्या शहरांत रस्ते सदा खोदलेले, त्यामुळे हा आजार घरोघरी.

हवा भरपूर येतेय पण कोमट, आणि चिप मात्र पंचाण्णववर? म्हणजे उष्णता जाळीपर्यंत पोचतच नाहीये. काही वर्षं वापरलेल्या मशीनमध्ये बहुधा पेस्ट सुकलेली असते.

पंखा गप्प आणि मशीन गरम? पंखा गेला असावा. अपवाद एकच. काही लॅपटॉपमध्ये पंखाच नसतो. अॅपलची मॅकबुक एअर २०२० अखेरच्या एम१ मॉडेलपासून बिनपंख्याची आहे. तिच्याकडून घरघर ऐकू आली नाही तर काळजी नको!

आता औषध

सर्वांत स्वस्त औषध म्हणजे गादीवरून उठवणं. बऱ्याच लॅपटॉपना श्वास घ्यायची जागा पोटाशी असते. तुम्ही त्याला उशीवर ठेवलंत की नाक दाबलंच म्हणून समजा. टेबलावर ठेवा, मागच्या बाजूला दोन टेकू द्या. मांडीवर तर नकोच. रोज तासन्‌तास गरम लॅपटॉप मांडीवर घेतल्याने कातडीवर जाळीदार तपकिरी डाग पडतात, हे डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे.

दुसरं औषध पॉवर सेटिंगमध्ये. विंडोजमधला पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशिएन्सी’वर आणा. थोडा वेग जाईल, पण मेल आणि वर्ड वापरताना तो जाणवतही नाही.

धूळ काढायची तर मशीन बंद करा, चार्जर काढा आणि कॉम्प्रेस्ड एअरच्या डब्याने थोडे थोडे फवारे मारा. पंख्याचं पातं दिसत असेल तर टूथपिकने अडवून धरा, भलत्या वेगाने फिरू देऊ नका. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. तोंडाने फुंकू नका, ओलावा आत जातो. आणि मशीन फ्रीजमध्ये ठेवायचा अचाट सल्ला कुणी दिलाच तर हसून सोडून द्या. आत दव धरलं तर लॅपटॉपच जाईल.

पेस्ट बदलणं हे सवय असलेल्या हाताचं काम. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाठा. नसेल तर लॅमिंग्टन रोड असो वा तापकीर गल्ली, समोर उभं राहून करून घ्या. आधीचं आणि नंतरचं तापमान दाखवायला सांगा. तापमान न बघताच कुणी ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणालं, तर सरळ पुढचं दुकान शोधा.

कूलिंग पॅडचं काय? हवा खालून घेणाऱ्या मशीनला थोडा आराम पडतो. धूळ आणि सुकलेली पेस्ट मात्र जागच्या जागी राहते.

इथे मात्र खेळ नको

टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट बसत नाही किंवा टेबलावर लॅपटॉप डुगडुगतोय? बॅटरी फुगली असेल. लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू तर मुळीच नका. लिथियम-आयन बॅटरी पेट घेऊ शकते. ऑगस्ट २००६मध्ये डेलने सोनीच्या सेल असलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, त्या याच भीतीने. बॅटरी सर्व्हिस सेंटरमध्येच बदलून घ्या आणि जुनी कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

तर मंडळी, येत्या शनिवारचा कार्यक्रम ठरला. आधी बॅकअप, मग तापमान, मग टास्क मॅनेजर, मग फटीशी हात. पाकिटाला हात सगळ्यांत शेवटी!