वेज बदलायची की हात?

गोल्फची मुळाक्षरं : लेखांक ११

नाशकात रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ एवढंच सांगितलं तरी तो काही न विचारता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आणून सोडतो. तिथे पहाटे चालायला येणारी मंडळी असतात, क्रिकेटची नेट्स असतात, कधी रणजीचा सामनाही रंगतो. गोल्फ सोडून सगळं काही. साहेब गेला, त्याच्या मागोमाग खेळही गेला आणि नाव तेवढं मैदानाला चिकटून राहिलं. आज शहराजवळ गोल्फ पाहायचं तर देवळालीच्या लष्करी छावणीकडे वळावं लागतं, नाहीतर सरळ पुण्या-मुंबईचा रस्ता धरावा लागतो. पण मैदान कुठलंही असो, पायाखालची जमीन ओळखीचीच असते : काळी माती, मुरूम आणि त्यावर हरळी. गोल्फवाले ज्याला ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणतात ती आपली हरळीच, गणपतीला वाहतो त्या दूर्वांची. आजच्या विषयाचा अर्धा उलगडा या जमिनीतच आहे.

विषय आहे वेजचा. ड्रायव्हर बरा चालतो, आयर्नही अधूनमधून बरे लागतात, पण ग्रीनपासून चाळीस-पन्नास यार्डांवर वेज हातात आली की घोळ सुरू होतो, ही तक्रार रेंजवर हमखास ऐकू येते. एकदा वेज चेंडूच्या आधीच मातीत रुतते आणि चेंडू दोन हात पुढे जाऊन थांबतो. पुढच्याच फटक्याला तीच वेज चेंडूच्या पोटावर बसते आणि चेंडू जमिनीलगत सणसणत ग्रीनपलीकडे जातो. असे तीन-चार रविवार गेले की माणूस मोबाइल काढतो आणि नव्या वेजच्या किमती बघायला लागतो. चांगल्या कंपनीच्या एका वेजला दहा-पंधरा हजार सहज लागतात. म्हणून आधी गुन्हेगार कोण ते नीट ठरवू.

वेजवर कोरलेला मोठा आकडा असतो लॉफ्टचा, म्हणजे क्लबचा चेहरा किती मागे कललेला आहे त्याचा. पिचिंग वेज साधारण ४४ ते ४८ अंश, गॅप वेज ५० ते ५२, सँड वेज ५४ ते ५८ आणि लॉब वेज ६० च्या आसपास. यात गेल्या काही दशकांत एक गडबड झाली आहे. ‘आमचा सात नंबर लांब जातो’ हे सांगता यावं म्हणून कंपन्यांनी आयर्नचा लॉफ्ट कमी करत नेला. जुन्या सेटमधली पिचिंग वेज ५० अंशांच्या घरात असायची, आता ४३-४४ अंशांचीही सर्रास मिळते. सँड वेज मात्र ५६ लाच राहिली. मधल्या बारा अंशांत काहीच नाही. पिचिंग वेज ११० यार्ड जाते, सँड वेज ऐंशी, आणि चेंडू नेमका पंचाण्णव यार्डांवर पडलेला असतो. मग पिचिंग वेज हात आखडून मारायची किंवा सँड वेज जीव खाऊन मारायची. दोन्हींत फटका बिघडतो आणि दोष मात्र हाताला लागतो. ही अडचण खरोखर क्लबची आहे, सरावाने फारशी सुटत नाही. ५० अंशांची एक गॅप वेज घेतली की सुटते. नियमाने पिशवीत चौदाच क्लब चालतात, पण आपल्यापैकी बहुतेकांच्या पिशवीत एखादा तीन नंबरचा आयर्न निव्वळ शोभेला असतो. त्याला घरी ठेवावं.

दुसरा आकडा लहान असतो आणि तिकडे सहसा कुणी बघत नाही. तो बाउन्सचा. वेज उलटी करून तळ पाहा. तळाची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा खाली उतरलेली दिसेल. हा उतार जितके अंश, तितका बाउन्स. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. वखराची पास किती कोनात बसवली यावर ती जमिनीत शिरणार की वरून सरकणार हे ठरतं, आणि ओल्या रानात बसवलेला कोन कोरड्या रानात चालत नाही. वेजचंही तेच. चार ते सहा अंश बाउन्स असेल तर धार लवकर जमिनीत शिरते. बारा-चौदा अंश असेल तर तळ जमिनीवर आपटून वर उसळतो.

आता हे आपल्या हवामानाला लावून पाहा. मे महिन्यात काळी माती भेगाळते, फेअरवेच्या बाहेर हरळी सुकून जमिनीला चिकटते, चेंडू जवळजवळ उघड्या मुरमावर बसतो. तिथे चौदा अंशांचा बाउन्स घेऊन गेलात तर तळ आधी जमिनीला लागतो, उसळतो आणि धार चेंडूच्या पोटात बसते. म्हणजे ग्रीनपलीकडे. जुलैत तीच जागा चिखलाने मऊ झालेली असते. तिथे चार अंशांची वेज चेंडूमागे खोल रुतते. इंग्लंड-अमेरिकेच्या मासिकांतले सल्ले वाचून वेज निवडणाऱ्यांची इथे फसगत होते, कारण वर्षभर हिरव्या राहणाऱ्या, दाट गवताच्या जमिनीचा हिशोब आपल्याला लागू होत नाही. एकच सँड वेज ठेवायची असेल तर ५६ अंशांची, दहाच्या आसपास बाउन्सची ठेवावी. दोन्ही ऋतूंत ती अगदी उत्तम नसेल, पण दोन्हींत निभावून नेईल.

बाउन्स ही कल्पना रुळली ती जीन साराझेन या अमेरिकन खेळाडूमुळे. तोपर्यंत बंकरमधून बाहेर यायला निब्लिक नावाचा पातळ धारेचा क्लब वापरत, आणि तो वाळूत रुतायचा. त्याआधी एडविन मॅक्लेन यांनी खोलगट चेहऱ्याची एक सँड वेज काढली होती. बॉबी जोन्सने १९३० ची ब्रिटिश ओपन जिंकताना ती वापरली, पण खोलगट चेहऱ्यावर लगेच १९३१ मध्ये बंदी आली. साराझेनने दुसरा मार्ग धरला. विमानाची शेपटी खाली गेली की नाक वर उठतं, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्याने फ्लोरिडात निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने धातू चढवला, म्हणजे मागची बाजू आधी वाळूला लागून धार वर उचलली जाईल. १९३२ मध्ये प्रिन्सेस कोर्सवर तो ब्रिटिश ओपन जिंकला. अधिकाऱ्यांनी आधीच हरकत घेऊ नये म्हणून आपण तो क्लब कोटाखाली लपवून ने-आण करत होतो, असं तो पुढे रंगवून सांगायचा. नवा क्लब घेणाऱ्यांना हा दाखला फार आवडतो. पण साराझेनने क्लब बदलला तो नेमकं काय बिघडतंय हे कळल्यावर, आणि बदलल्यावर त्याने तासन्‌तास वाळूत घालवले. आपण दुकानातून थेट पहिल्या टीवर जातो.

उलट दाखला टायगर वूड्सचा. जानेवारी २०१५ मध्ये फीनिक्स ओपनला त्याने ८२ ची फेरी खेळली, व्यावसायिक कारकिर्दीतली तोवरची सर्वांत वाईट. ग्रीनच्या काठावरून साधे चिप त्याला जमेनात. कधी रुतायचे, कधी पलीकडे जायचे. जगातली उत्तमोत्तम वेज ज्याच्या मापाने घासून मिळते, त्याची ही गत. त्याने काही काळ स्पर्धांतून अंग काढून घेतलं आणि चिपिंगवर काम केलं. २०१९ मध्ये तो पुन्हा मास्टर्स जिंकला.

मग आपला दोष कुठे आहे हे ओळखायचं कसं? खर्च पाच रुपयांचा. मोकळ्या जमिनीवर रांगोळीची सरळ रेघ ओढा. चेंडू न ठेवता, रेघ दोन्ही पायांच्या मधोमध येईल असं उभं राहा आणि वेजचा पाऊण स्विंग करा. रेघेवरून थोडं थोडं पुढे सरकत असे दहा-बारा स्विंग झाले की जमिनीवरच्या खुणा पाहा. खुणा रेघेच्या मागे सुरू होत असतील, किंवा एक मागे आणि एक पुढे अशा विस्कटलेल्या असतील, तर बाजारातली कुठलीही वेज तुम्हाला वाचवणार नाही. खुणा रेघेवर किंवा तिच्या किंचित पुढे सुरू होतात पण खोल खड्डा पडतो, तर बाउन्स कमी पडतोय किंवा तुम्ही हात फार पुढे रेटताय. खुणा योग्य जागी आहेत पण कडक जमिनीवर क्लब टणकन उसळतोय, तर बाउन्स जास्त आहे. माझा अनुभव असा की हौशी खेळाडूंच्या खुणा बहुतेक वेळा रेघेच्या मागेच निघतात.

याचं कारण भीती. चेंडू हवेत जायला हवा म्हणून आपण तो उचलायला जातो. वजन मागच्या पायावर राहतं, मनगटं चेंडूच्या आधीच उलटतात, आणि क्लबचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे येतो. तिथून रुतणं आणि पोटावर लागणं, दोन्ही एकाच चुकीतून निघतात. चेंडू उचलायचं काम लॉफ्टचं आहे, त्यासाठी पैसे मोजलेले आहेत. ते आपण करायचं नाही. वजन सुरुवातीपासून पुढच्या पायावर साठ-सत्तर टक्के ठेवायचं आणि तिथेच राहू द्यायचं, छाती लक्ष्याकडे वळत राहू द्यायची. दुसरी चूक, मोठा बॅकस्विंग घेऊन चेंडूपाशी येताना ब्रेक लावणं. बॅकस्विंग लहान ठेवा, पण पुढे जाताना कचरू नका.

कडक उपाय म्हणून हात फार पुढे रेटणारेही असतात. त्याने लॉफ्ट आणि बाउन्स दोन्ही कमी होतात. ५६ ची वेज आठ-दहा अंश पुढे झुकवली की तिचा स्वभाव पिचिंग वेजचा होतो आणि धार उघडी पडते. उलट चेहरा थोडा उघडला की लॉफ्ट आणि बाउन्स दोन्ही वाढतात. म्हणजे क्लब एकच, पण धरण्यावरून तो तीन-चार प्रकारे वागतो. हे कळण्याआधी दुसरी वेज घेण्यात अर्थ नाही.

लॉब वेजबद्दल तर माझं मत ठाम आहे. पंधराच्या वरचा हँडिकॅप असणाऱ्याने ६० अंशांची वेज घेऊ नये. टीव्हीवर चेंडू उंच जाऊन मऊ उतरतो तो दाट गवतावरून, मोठ्या वेगाने आणि हजारो तासांच्या सरावाने. सुकल्या हरळीवर तो फटका म्हणजे संकटाला आमंत्रण. ग्रीनच्या काठावर आणि झेंड्यापर्यंत वाट मोकळी असेल तर आठ किंवा नऊ नंबरचा आयर्न काढा आणि पटरसारखा मारा. सँड वेजचा चेंडू साधारण निम्मा उडतो, निम्मा घरंगळतो. आठ नंबरचा एक भाग उडतो आणि तीन-चार भाग घरंगळतो. जो चेंडू जमिनीवर जास्त वेळ असतो, त्याचं नुकसान कमी होतं.

ग्रूव्हचं एक राहिलं. चेहऱ्यावरच्या खाचा झिजल्या की चेंडूला फिरकी कमी मिळते, विशेषतः ओल्या गवतातून. वाळूत भरपूर सराव करणाऱ्याच्या खाचा लवकर जातात. पंचाहत्तर फेऱ्यांनंतर वेज बदला, असा सल्ला दिला जातो. विकणाऱ्याचा सल्ला म्हणून त्यातून थोडं वजा करा, पण आठ-दहा वर्षं जुनी, नखाला खाच लागेनाशी झालेली वेज असेल तर ती नक्की बदला. लॉफ्ट एक-दोन अंशांनी वाकवूनही मिळतो. फोर्ज्ड क्लब वाकवणं सोपं, ओतीव क्लब मोडू शकतो. आणि लॉफ्ट एक अंशाने कमी केला की बाउन्सही एक अंशाने कमी होतो, हे वाकवणारा सांगतोच असं नाही.

तेव्हा माझा निकाल असा. पिचिंग आणि सँड वेजमध्ये आठ अंशांहून जास्त अंतर असेल, खाचा गेल्या असतील, किंवा रेघेची परीक्षा नीट उतरूनही जमीन आणि बाउन्स जुळत नसतील, तरच क्लब बदलावा. बाकी सगळ्यांनी तेच पैसे प्रोच्या चार-सहा शिकवण्यांवर घालवावेत. पावसाळा तोंडावर आहे. कोरड्या जमिनीवर एकदा आणि पहिल्या दोन पावसांनंतर एकदा, अशी रेघेची परीक्षा घ्या आणि दोन्ही वेळच्या खुणांचे फोटो काढून ठेवा. दुकानात जायचंच झालं तर ते फोटो आणि जुनी वेज बरोबर न्या. पुढच्या लेखांकात बंकर पाहू.