सिगारची साठवण आणि हवेतली ओल

सिगार हा निव्वळ तंबाखूच्या पानांचा असतो. आत दुमडून बसवलेली भरणाची पाने, त्यांना आवळून धरणारे बांधणीचे पान आणि सर्वांत वर पातळ, गुळगुळीत वेष्टनाचे पान. क्यूबाच्या सिगारांसाठी तिथल्या पश्चिमेकडील पिनार देल रियो प्रांतात पिकणारी पाने आधी वाळवतात, मग ढीग रचून आंबवतात आणि पुन्हा थोडी ओलसर करून हाताने वळतात. वळल्यानंतरही पान भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करतच राहते. हवा कोरडी असेल तर ते ओल सोडते, दमट असेल तर शोषून घेते. सिगारची साठवण म्हणजे मुळात ही देवघेव काबूत ठेवणे.

कोरडा पडलेला सिगार भराभर आणि गरम जळतो, धूर घशाला झोंबतो, वेष्टनाचे पान तडकते. त्याहून मोठे नुकसान सुगंधी तेलांचे होते. ती एकदा उडून गेली की पुन्हा कितीही ओल दिली तरी परत येत नाहीत. उलट, सादळलेला सिगार ओढायला जड जातो, पुन्हा पुन्हा विझतो, फुगून फाटतो आणि शेवटी त्याला बुरशी धरते. क्यूबाच्या सिगारांसाठी ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानतात. व्यवहारात २१ अंशांपर्यंत चालते.

यातला ‘सापेक्ष’ हा शब्द नवशिक्याने नीट समजून घ्यायला हवा. त्या तापमानाच्या हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात किती आहे, ते ही टक्केवारी सांगते; आणि गरम हवेत वाफ जास्त मावते. २० अंशांना ७० टक्के आर्द्रता म्हणजे एका घनमीटर हवेत सुमारे १२ ग्रॅम पाणी. ३० अंशांना तेच ७० टक्के म्हणजे सुमारे २१ ग्रॅम. म्हणूनच तापमान वरखाली होत राहिले की आर्द्रतेचा आकडाही हलत राहतो. सिगारचा डबा उन्हाच्या खिडकीपाशी, फ्रिजच्या मागे किंवा टीव्हीच्या वर कधीही ठेवू नये. आकडा ६६ आहे की ६९, याला फारसे महत्त्व नाही. तो महिनोन्‌महिने स्थिर राहणे महत्त्वाचे आहे.

आकड्यावर विसंबायचे तर आर्द्रता मोजणारे यंत्र, म्हणजे हायग्रोमीटर, खरे बोलते का, हे आधी पाहावे. सिगारच्या नव्या पेटीसोबत येणारे काट्याचे हायग्रोमीटर बहुधा चुकतात; डिजिटल बरे. पारख घरीच होते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर पाण्याचे काही थेंब टाकावेत. मीठ विरघळू द्यायचे नाही, ओल्या वाळूसारखे झाले की पुरे. ते झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत २४ तास ठेवावे. अशा ओल्या मिठाभोवतालची हवा नेहमीच्या तापमानात ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. यंत्र ७१ दाखवत असेल, तर ते ४ ने कमी दाखवते हे लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचावेत.

सिगारच्या खास पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. तिला आतून बहुधा ‘स्पॅनिश सीडर’चे अस्तर असते. हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, कडुनिंब आणि महोगनी यांच्या कुळातले झाड. त्याचे लाकूड ओल धरते, सुगंधी असते आणि सहसा वाकत नाही. मात्र नवे लाकूड स्वतःच तहानलेले असते. थेट सिगार भरले तर ते त्यांच्यातलीच ओल ओढून घेते. म्हणून आधी वाटीत डिस्टिल्ड वॉटर घालून ती रिकाम्या पेटीत ठेवावी आणि आकडा स्थिरावेपर्यंत, म्हणजे आठवडा-दोन आठवडे, थांबावे. ओल्या फडक्याने लाकूड पुसण्याचा सल्ला ऐकू नये. त्याने फळ्या फुगतात. नळाचे किंवा बोअरचे पाणीही नको, कारण त्यातल्या क्षारांनी आर्द्रता देणाऱ्या स्पंजची छिद्रे बुजतात.

स्पंजपेक्षा ठरावीक आर्द्रता राखणारी पाकिटे सोपी. त्यांत क्षारांचे संपृक्त द्रावण असते आणि आवरणातून फक्त वाफ आत-बाहेर जाते. हवा कोरडी असली की पाकीट ओल देते, जास्त झाली की परत घेते. पाकीट कडक झाले की बदलायचे.

हा दुहेरी गुण महाराष्ट्रात फार मोलाचा आहे. युरोप-अमेरिकेत लिहिलेली पुस्तके ओल कशी द्यावी हेच सांगतात. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. तिथे ओल काढायची असते, आणि स्पंज भरून ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ती २० टक्क्यांखालीही उतरते आणि उघडा सिगार काही दिवसांत वाळून जातो.

उष्णतेचा दुसरा धोका म्हणजे किडा. हळद, धने, मिरची यांना लागणारा बारीक तपकिरी भुंगेरा तंबाखूलाही लागतो. पानातली अंडी २५ अंशांच्या पुढे झपाट्याने उबतात आणि अळ्या सिगार आतून पोखरतात. टाचणीने पाडल्यासारखे भोक दिसले की तो सिगार टाकून द्यावा. उरलेले हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजमध्ये ठेवून हळूहळू बाहेर आणावेत. एरवी मात्र फ्रिज ही सिगारची जागा नव्हे. तिथली हवा कोरडी असते आणि पान शेजारचे सगळे वास शोषून घेते. डांबरगोळ्या, अगरबत्ती, मसाले यांच्यापासूनही डबा दूर ठेवावा. त्याला कुलूपही असावे, कारण तंबाखूतले निकोटिन लहान मुलाच्या पोटात गेले तर विषबाधा होते. साठवण कितीही उत्तम असली, तरी सिगारच्या धुरामुळे होणाऱ्या तोंडाच्या, घशाच्या आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका तसूभरही कमी होत नाही.

दहा-वीस सिगारांसाठी महागड्या पेटीची गरज नाही. रबरी कडेचा स्वच्छ, वास नसलेला हवाबंद डबा, त्यात ६५ टक्क्यांचे एक पाकीट आणि पारखलेला डिजिटल हायग्रोमीटर एवढे पुरते. डबा तीन-चतुर्थांशच भरावा आणि आठवड्यातून एकदा उघडून हवा बदलावी. आपल्या हवेत ही व्यवस्था नवशिक्यासाठी लाकडी ह्युमिडॉरपेक्षा अधिक भरवशाची ठरते.