श्वानाश्रय
मालक नसलेल्या, टाकून दिलेल्या, जखमी वा आजारी कुत्र्यांना निवारा, अन्न व औषधोपचार देणारी संस्था. निर्बीजीकरण, लसीकरण व योग्य घरी दत्तक देणे ही तिची इतर कार्ये होत.

इतिहास : पश्चिम भारतात भाकड व अपंग जनावरे सांभाळणाऱ्या पांजरपोळांची परंपरा जुनी आहे. १८३२ मध्ये मुंबईत बेवारशी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध प्रामुख्याने पारशी समाजाने दंगा व हरताळ केला. त्यानंतर जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये मुंबई पांजरपोळ स्थापन झाला. परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ पासूनचे आहे. कुत्री मारण्याची पद्धत मात्र पुढेही दीर्घकाळ चालू राहिली. ती निष्फळ ठरली. कारण उकिरड्यावरील अन्न कायम असल्याने रिकाम्या जागी नवी कुत्री येत व त्यांची पैदास होई. कुत्रीचा गर्भावधी सु. ६३ दिवसांचा असून ती साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते.

कायदा : प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. त्याखालील २००१ च्या व त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. कुत्रे पकडून शस्त्रक्रिया करणे, अलर्क रोगाची (पिसाळ रोगाची) लस टोचणे, कानावर खूण करणे व मूळ जागी सोडणे, असा हा क्रम आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील कुत्री आश्रयस्थानी हलविण्याचा व पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश दिला. त्यामुळे आश्रयस्थानांची निकड वाढली.

आरोग्य : आश्रयस्थानात अनेक कुत्री एकत्र येत असल्याने संसर्गाचा धोका मोठा असतो. नव्या कुत्र्यास प्रथम वेगळे ठेवून तपासतात. डिस्टेंपर, पार्वो व संसर्गजन्य यकृतशोथ यांविरुद्धची संयुक्त लस पिलांना सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून टप्प्याटप्प्याने देतात. अलर्क रोगाची लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात व नंतर ठराविक काळाने टोचतात. नियमित जंतनाशक, गोचीड व पिसवा यांचा नायनाट, कोरडी जागा व स्वच्छ पाणी आवश्यक असते. खरूज झालेले कुत्रे वेगळे ठेवतात. कांदा, द्राक्षे व चॉकलेट कुत्र्यास विषारी असतात. शिजवलेल्या हाडांच्या तुकड्यांनी आतड्यास इजा होऊ शकते.

अलर्क रोग : माणसास होणारा हा रोग बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातून होतो व लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. चावा, ओरखडा किंवा उघड्या जखमेस लाळ लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. खोल जखमेस प्रतिरक्षी द्रव्यही द्यावे लागते. तिखट, चुना वा हळद भरणे आणि झाडपाल्यावर विसंबणे यांत मोलाचा वेळ जातो. सुमारे ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण झाल्यास रोगाची साखळी तुटते. गोव्यात घरोघर व रस्तोरस्ती केलेल्या लसीकरणामुळे २०१३ ते २०१९ या काळात कुत्र्यांतील रोगाचे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले.

नंदुरबार जिल्हा : १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात प्रश्नाची दोन रूपे आढळतात. नंदुरबार, शहादे, तळोदे, नवापूर या शहरांत कचरा उघडा राहिला की कुत्र्यांचे कळप वाढतात. तेथे कचऱ्याची विल्हेवाट, निर्बीजीकरण व आश्रयस्थान ही तिन्ही जोडीने लागतात. याउलट सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या विखुरलेल्या पाड्यांवरील कुत्री घराची व गुरांची राखण करणारी, परंतु सैल सोडलेली असतात. अशा ठिकाणी आश्रयस्थानापेक्षा पाड्यावर जाऊन केलेले लसीकरण अधिक उपयोगी पडते. आठवडे बाजाराच्या दिवशी त्याची पूर्वसूचना देता येते. बिबट्या कुत्र्यांची शिकार करीत असल्याने मोकाट कुत्र्यांची वाढ त्यास वस्तीजवळ आणते, हेही लक्षात घ्यावे लागते. दूरच्या पाड्यावरून रुग्णालय गाठण्यास वेळ लागत असल्याने तेथे कुत्र्यास आधीच टोचलेली लस ही लहान मुलांच्या जीविताची पहिली हमी ठरते.