अक्कांची तीन भीती

“बाईमाणसाला कुठं फुप्फुसाचा कॅन्सर होतो? आमच्या घरात कुणी विडीसुद्धा ओढत नाही!” मोठ्या जाऊबाईंचा, म्हणजे आमच्या अक्कांचा रिपोर्ट आला तेव्हा घरात प्रत्येकाच्या तोंडी हेच होतं. अक्कांची तीस वर्षं चुलीपुढं गेलेली. चुलीचा धूरही फुप्फुसाला घातक असतो, हे आमच्या गावीच नव्हतं. त्यात आधी काही महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. खोकला दोन्हींत सारखाच, एक्स-रेवरचा डागही फसवा. पुष्कळांच्या बाबतीत असं होतं म्हणे.

शेवटी परळच्या टाटा हॉस्पिटलात गेलो. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. घरच्यांनी ठरवलेलं, अक्कांना काही कळू द्यायचं नाही. ‘गाठ आहे, काढतील’ एवढंच सांगायचं. मैत्रिणींनो, गावोगाव आरोग्यावर बोलत फिरणारी मी, या लपवाछपवीत सामील होते!

ऑपरेशनला चार दिवस होते. रात्री दोनला जाग आली, तर अक्का अंधारात बसलेल्या.

“मला वाचता येतं गं. सातवी पास आहे मी. हॉस्पिटलची पाटी पहिल्याच दिवशी वाचली.”

मग सगळं बाहेर आलं. चाकू लागला की कॅन्सर पसरतो म्हणतात, खरं का? फुप्फुस काढल्यावर श्वास कशानं घ्यायचा? आणि भुलीतून जागच आली नाही तर? आठ दिवस ही तीन भीती उराशी धरून बाई एकटी बसली होती. जेवण तुटलेलं, झोप नाही, छातीत सतत धडधड.

सकाळी मी डॉक्टरांपुढं अक्कांनाच बोलायला लावलं. चाकूनं कॅन्सर पसरतो ही समजूत चुकीची, हे त्यांनी समजावलं. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन. अक्कांचा एकच भाग काढायचा होता, उरलेले काम सांभाळून घेतात. आणि भूल देणारे डॉक्टर पेशंट शुद्धीवर येईपर्यंत सोबत असतात.

ही भीती नुसती मनातच राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. पण या ऑपरेशननंतर निम्मं काम पेशंटनं स्वतः करायचं असतं. खोल श्वास घ्यायचा, खोकून कफ काढायचा, छातीतल्या नळीची बाटली घेऊन चालायचं. बरगड्यांमधून छेद घेतलेला, दुखणारच. घाबरलेला माणूस अंग आवळून घेतो, वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. मग कफ साचून न्यूमोनिया व्हायची भीती. शिवाय आधी जास्त धास्तावलेल्यांना नंतर वेदनाही जास्त जाणवतात, असं अभ्यासांत आढळलंय. मात्र ‘तू टेन्शन घेतलंस म्हणूनच तुला हे झालं’ असं पेशंटला कुणी म्हणू लागलं, तर त्याला तिथंच गप्प करा. दुखण्यात वर अपराधीपणा कशाला?

फिजिओथेरपीच्या बाईंनी तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं. श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात. छातीशी उशी दाबून खोकायचं कसं, तेही ऑपरेशनच्या आधीच शिकवलं. धर्मशाळेत अक्का दिवसभर ते यंत्र घेऊन बसायच्या. शेजारच्या खोलीतली, असंच ऑपरेशन झालेली एक बाई येऊन आपला व्रण दाखवून गेली. डॉक्टरांच्या चार वाक्यांपेक्षा तो व्रणच जास्त कामी आला, असं मला वाटतं.

भीती पुरती गेली म्हणाल, तर नाही. आत नेताना अक्कांचे हात बर्फासारखे गार होते. पण तीन दिवसांनी त्यांनी स्वतःच उशी मागितली, छातीशी घट्ट धरली आणि डोळे मिटून खोकल्या. कळ चेहऱ्यावर दिसत होती. मला रडूच आलं.

“रडतेस काय?” अक्का म्हणाल्या. “ऊठ, बाटली धर माझी. चालायचंय मला.”