धुळीपलीकडचं केंद्र

वैशाखातल्या निरभ्र पहाटे साडेतीन-चारला, भिगवणजवळ उजनीच्या काठी दक्षिणेकडे तोंड केलं की वृश्चिकाचा आकडा दिसतो आणि त्याच्या डाव्या हाताला धनू. या दोहोंच्या मधे, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर, आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. इंदापूर-बारामतीतून ते क्षितिजापासून सुमारे ४३ अंश वर येतं. लंडनहून जेमतेम ९-१०.

पण डोळ्यांना ते दिसत नाही. वाटेत एवढी धूळ आहे की तिथल्या दृश्य प्रकाशाचा लाख कोटींतला एखादाच कण आपल्यापर्यंत पोचतो. उसाच्या ट्रॉलीमागे धुरळ्यात ट्रॅक्टर दिसत नाही, त्यावरचं गाणं मात्र ऐकू येतं. रेडिओलहरी तशाच धुळीतून सहज निघून येतात.

त्या टिपणारी रेडिओ दुर्बीण आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला, नारायणगावाजवळ. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या; १४ मधोमध, १६ तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. जवळ गेल्यावर कळतं, तबकडी पत्र्याची नाहीच. ती बारीक पोलादी तारेची जाळी आहे, आरपार आभाळ दिसतं. भोकं एक-दोन सेंटिमीटरची, लहरी त्याहून कितीतरी लांब. म्हणून लहरी परततात आणि वारा निघून जातो. एवढी मोठी तबकडी हलकी आणि स्वस्त झाली ती यामुळे. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना मला या दुर्बिणीतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

एकटी तबकडी फारसं दाखवत नाही. सगळ्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तिथे प्रत्येक जोडी ताडून पाहिली जाते: ४३५ जोड्या. अधूनमधून तबकड्या एखाद्या ओळखीच्या स्रोताकडे वळवून मापं तपासायची, मोबाइल आणि विजेच्या तारांचा गोंगाट वगळायचा, मग कुठे चित्र उमटतं.

केंद्रात ४० लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे, सॅजिटेरियस ए-स्टार. १ गिगाहर्ट्झखालच्या लहरींत ते प्रथम टिपलं खोडदनेच, ६२० मेगाहर्ट्झवर. सुभाशिस रॉय आणि ए. प्रमेश राव यांनी २००४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. भोवतीच्या तप्त वायूच्या ते मागे नसून पुढे आहे, हेही त्यातून उलगडलं. २०२२ मध्ये याच कृष्णविवराचं छायाचित्र जगभर झळकलं. खोडदचं काम मात्र आपल्या जिल्ह्यातही फारसं कुणाला ठाऊक नाही.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनानिमित्त, तिथे प्रदर्शन भरतं. बारामती-इंदापूरच्या शाळांनी मुलांना जरूर न्यावं, आणि आवारात शिरण्याआधी मोबाइल बंद करावेत.